गंजाचा माग

तुमच्या सायकलच्या मडगार्डवर कधी बारीकसा फोड आलेला पाहिलाय का? रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा असतो. नखाने खरवडला की रंगाची खपली उडते आणि आत तांबूस भुकटी दिसते. 'एवढासाच तर आहे!' असं म्हणून आपण तो सोडून देतो. पण असा एवढासा फोड आतून किती पसरलेला असतो, ते मी एका जुन्या मोटारीकडून शिकलो.

ही मोटार माझ्या मामांची. मामांचं गाव निमोणे, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कांद्याच्या गोण्यांच्या आड, माझ्या आजोबांची 'स्टँडर्ड हेराल्ड' उभी होती. तिची हकिगत मोठी गमतीची आहे. ही मूळची विलायतेतली गाडी. 'ट्रायम्फ हेराल्ड' या नावाने ती १९५९ साली इंग्लंडात निघाली. तिचा आकार इटलीच्या ज्योव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलेला. १९६१ पासून मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. इकडे इंग्लंडात याच गाडीचा सांगाडा आखूड करून १९६२ साली 'ट्रायम्फ स्पिटफायर' ही दोघांनी बसायची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी तयार झाली. म्हणजे आमची हेराल्ड त्या स्पिटफायरची थोरली बहीणच, बरं का!

२०२२ च्या दिवाळीत मामांनी गाडी विकायची ठरवली. एक गिऱ्हाईकही चालून आलं. "दिसायला चकाचक करून द्या, लगेच नेतो," असं त्यांचं म्हणणं. मग मामांनी पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि ते गाडीवरून फिरवायला लागले. कुठे ते टपकन चिकटायचं, तर कुठे खाली गळून पडायचं.

"इथं का चिकटत नाही हो?" मी विचारलं.

"कारण इथं लोखंडच नाही, नुसती लांबी भरलीय!" मिस्त्री हसले. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. मग त्यांनी पेचकसाच्या मुठीने पत्रा वाजवून पाहिला. चांगला पत्रा टण् वाजायचा आणि सडका भद्द. आतली सतरंजी उचलून त्यांनी तळाच्या पत्र्यावर पेचकस टेकवला, तर तो सरळ आरपार गेला! जिथे पुढची सीट नटबोल्टने बसवलेली, नेमका तोच पत्रा सडला होता.

मिस्त्री म्हणाले, "आण्णा, दोन रस्ते हायेत. लांबी भरून, रंग मारून आठ दिवसांत नवरीसारखी नटवून देतो. वर्षाभरात पुन्हा फोड येतील. नाहीतर सडलेलं सगळं कापायचं आणि नवा पत्रा जोडायचा. त्याला महिने लागतील, पैसाबी लागंल."

मामा विचारात पडले. कांद्याचे पैसे तेवढेच हातात होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मामी म्हणाल्या, "अहो, नेणारा माणूस त्याच सीटवर पोराबाळांना बसवणार ना?"

झालं! मामांनी त्या गिऱ्हाइकाला बोलावून, सतरंजी उचलून, ते भोक दाखवलं. गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. आणि मिस्त्रींचं काम सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, शिरूर तर कमी पावसाचा तालुका, मग गाडी एवढी गंजली कशी? लोखंड गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. त्यात मीठ किंवा खारट पदार्थ पडला की गंज जोरात धावतो. विलायतेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणून तिकडच्या जुन्या गाड्या खालून कुजतात. आमच्या गाडीला मीठ कुठून लागलं? तर आजोबा तिच्यातून रासायनिक खताच्या गोण्या नेत. ती खतंही एक प्रकारचे क्षारच! सांडलेलं खत सतरंजीखाली साठलं आणि तिथे ओल धरली. शिवाय गाडीवर वर्षानुवर्षं ताडपत्री घट्ट बांधलेली. त्यामुळे आतला दमटपणा बाहेर जाईना.

निमोण्यापासून जवळच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत तांब्याच्या वस्तू मिळाल्या. तांब्यावर चढणारा हिरवा थर अंगाला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूला पुष्कळसं जपतो. लोखंडाचं तसं नाही. त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, सुटतो, गळून पडतो आणि आतलं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. गंज आपण होऊन थांबत नाही, तो असा!

मिस्त्रींनी आधी पेट्रोलची टाकी काढून दूर नेऊन ठेवली, कारण ठिणगी उडाली तर अनर्थ व्हायचा. मग दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडली. "सडका असला तरी पत्रा काहीतरी धरून असतो. तो कापला आणि गाडी हलली, तर नंतर दारं लागत नाहीत," ते म्हणाले. स्पिटफायरच्या बाबतीत तर ही काळजी फारच घ्यावी लागते. हेराल्डच्या सांगाड्याला बाजूने आधार आहेत. स्पिटफायरमध्ये मात्र दाराखालच्या पोकळ पट्ट्याच गाडीचा भार पेलतात.

पुढचं काम थेट शिंप्याचं! पुठ्ठा कापून भोकाच्या मापाचा साचा करायचा, त्यावरून वीस गेजचा पत्रा बेतायचा, ठोकून वळवायचा आणि मग वेल्डिंगचे टाके मारायचे. एक टाका इथे, तर दुसरा दूर तिथे. एकाच जागी सारखी उष्णता दिली की पत्रा पापडासारखा वाकडा होतो. कापताना मिस्त्रींचा नियम एकच होता, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही. रुपयाएवढं दिसणारं भोक कापता कापता ताटाएवढं व्हायचं!

दारं उघडली तेव्हा खरा चोर सापडला. मोटारीच्या दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेवरून आत ओघळलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. आमच्या गाडीची भोकं चिखलाने बुजली होती. पाणी आतच साचलं आणि दारांचा तळ कुजला. वर्षातून एकदा त्यात काडी फिरवली असती, तर दोन्ही दारं वाचली असती.

शेवटी रेडऑक्साइडचा हात, लांबीचा अगदी पातळ थर, वॉटर पेपरने घासणं आणि मग रंग. जिथे ब्रश पोचत नाही अशा पोकळ जागांत मिस्त्रींनी तेल फवारलं. २०२३ च्या मे महिन्यात गाडी शेडबाहेर आली. आता तिच्यावर ताडपत्री नसते, सुती कापड असतं. विकायचं नाव मामा काढत नाहीत!

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. चार बाटल्यांत एकेक लोखंडी खिळा टाका. पहिली कोरडी ठेवून बूच लावा. दुसरीत खिळा अर्धा बुडेल इतकं पाणी, तिसरीत तेवढंच मिठाचं पाणी घाला. चौथीतही साधंच पाणी, पण खिळ्याला आधी तेल चोपडा. आठवडाभर रोज पाहून वहीत लिहा. आणि हो, सायकलच्या मडगार्डची आतली बाजू आजच तपासा. चिखल साठला असेल तर धुऊन, कोरडी करून, तेलाचं बोट फिरवा.