रामटेक, पेंच, मुक्तागिरी आणि दोन कॅमेरे

नागपूरच्या चारही दिशांना एका दिवसात किंवा एका मुक्कामात पाहून होतील अशी इतकी ठिकाणे आहेत, की येथील माणसाला दूरच्या सहलीची घाई सहसा होत नाही. ईशान्येस पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. मनसरला रामटेककडे न वळता महामार्गाने सरळ गेले, की पेंचचे अरण्य. दक्षिणेस भद्रावतीचे पार्श्वनाथ मंदिर, आणि पश्चिमेस अमरावती-परतवाडा मार्गे मुक्तागिरी. आपल्या समाजातील कुटुंबे या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. २०१२च्या सुमारास त्यांच्या सामानात पाण्याच्या बाटल्या आणि शिदोरीच्या डब्यांच्या जोडीला एक काळी पिशवी दिसू लागली. तिच्यात डीएसएलआर कॅमेरा असे. तो जवळ नसलेली मंडळी मला विचारत, ‘आपणही मोठा घ्यावा, की खिशात मावणारा पुरे?’

मी छायाचित्रकार नव्हे. मात्र तीन दशके कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे एक सवय जडली आहे. यंत्र किती उत्तम आहे हे विचारण्यापूर्वी ते वर्षातून किती दिवस चालणार आणि किती दिवस झाकून ठेवले जाणार, हे विचारायचे. योगायोगाने २०१२च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळा संपेपर्यंत आमच्या घरच्या प्रत्येक प्रवासात दोन्ही जातींचे कॅमेरे बरोबर होते. पुतण्याकडे निकॉन डी-३१०० आणि त्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स, तर मुलीकडे साबणाच्या वडीएवढा एक साधा कॉम्पॅक्ट. पुढील मजकूर त्या पाच-सहा महिन्यांच्या निरीक्षणावर आधारलेला आहे.

प्रथम एक हिशेब. दुकानदार ‘मेगापिक्सेल’ हा शब्द फार उच्चारतो. त्या दृष्टीने पाहिले तर डी-३१०० चा आकडा १४.२ आहे आणि त्या वेळचे साधे कॉम्पॅक्टही १४ ते १६ सांगत. मग चौपट-पाचपट पैसे कशाचे? उत्तर आतल्या सेन्सरच्या आकारात आहे. प्रकाश जिच्यावर पडतो ती ही पट्टी मोठ्या कॅमेऱ्यात सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद असते. बहुतेक खिशातल्या कॅमेऱ्यांत ती जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटर. क्षेत्रफळ काढले तर बारा-तेरा पटींचा फरक येतो. अंगणात पावसाचे पाणी धरायला परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर मुसळधार पावसात दोन्ही भरतील. रिमझिम असेल तेव्हाच परातीची किंमत कळेल. उजेडाचेही तसेच. फुटाळ्याच्या काठी दुपारी चार वाजता काढलेली दोन्ही छायाचित्रे मी संगणकावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. कोणते कोणाचे हे घरातील एकालाही खात्रीने सांगता आले नाही. सूर्य मावळल्यावर मात्र कॉम्पॅक्टच्या चित्रातील पाणी रवाळ दिसू लागले आणि पलीकडची झाडे एकमेकांत मिसळून गेली.

रामटेकला हा फरक सर्वांत स्पष्ट जाणवला. गडावरचे राममंदिर सर्वांना ठाऊक असते. वा. वि. मिराशींनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक असे प्रतिपादन केल्यापासून साहित्यप्रेमीही तेथे आवर्जून जातात. आपली पावले मात्र पायथ्याच्या शांतिनाथ मंदिराकडे वळतात. तेरा फुटांहून उंच, पिवळसर पाषाणाची ती उभी मूर्ती पाहताना मान आपोआप मागे जाते. गाभाऱ्यात छायाचित्र घेण्याचा प्रश्न आम्ही काढलाच नाही. अशा ठिकाणी आधी व्यवस्थापकांना विचारावे, आणि परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण बाहेरील मंडपातही उजेड बेताचाच असतो. दगडी खांब, त्यामधून तिरकी येणारी सकाळची तिरीप, पाठ करीत बसलेल्या वृद्ध स्त्रिया. पुतण्याच्या कॅमेऱ्याने हे सारे फ्लॅशविना टिपले. मुलीच्या कॅमेऱ्यात हात जरासा हलला, की चेहरा पुसट.

त्याच मंडपात मोठ्या कॅमेऱ्याचा एक अवगुणही ऐकू आला. ऐकू आला असेच म्हणावे लागेल. त्याच्या आत एक आरसा असतो आणि प्रत्येक छायाचित्राच्या वेळी तो उचलला जाऊन ‘खटाक्’ असा आवाज होतो. बाजारात तो कोणाला जाणवत नाही. पाठ चालू असलेल्या मंडपात तिसऱ्या खटक्याला दोन डोकी मागे वळली, आणि पुतण्याने शहाणपणाने कॅमेरा पिशवीत ठेवला. (ही पिशवी कापडाची होती म्हणून ती आत नेता आली. पूर्वी कॅमेऱ्याची पेटी बहुधा चामड्याची असे व ती चपलांबरोबर बाहेर ठेवावी लागे. आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. जुन्या फिल्मवरचा थर जिलेटिनचा असे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून करतात. डिजिटल कॅमेऱ्याने ती अडचण न मागता दूर केली.)

मंदिरातून बाहेर आल्यावर पारडे पुन्हा फिरले. विदर्भातील दुपारचे ऊन ऑक्टोबरातही डोळ्यांवर येते. मुलीच्या कॅमेऱ्याला केवळ मागचा पडदा, आणि त्या उन्हात पडद्यावर तिचाच चेहरा दिसे. खिंडसी तलावाची चित्रे तिने अंदाजानेच घेतली. डीएसएलआरला डोळा लावून पाहण्याची खिडकी असते. चाळिशी ओलांडलेल्या आणि चष्मा लागलेल्या माणसासाठी ही सोय मेगापिक्सेलपेक्षा मोठी आहे. दुकानात, ट्यूबलाइटखाली, ती लक्षात येत नाही.

पेंचविषयी थोडक्यात सांगतो. जुलै ते ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबले होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर थंडीत आम्ही सिल्लारीच्या फाटकातून आत गेलो. १८-५५ च्या लेन्सने हरणांचा कळप म्हणजे गवतातील तपकिरी ठिपके. लांबचे प्राणी हवे असतील, तर २०० किंवा ३०० मिलिमीटरची दुसरी लेन्स घ्यावी लागते, आणि ‘स्वस्तातला डीएसएलआर’ हा शब्दप्रयोग तेथेच संपतो. शिवाय निकॉनच्या या मालिकेच्या अंगात फोकसची मोटर नाही. मोटर लेन्समध्येच असावी लागते. त्यामुळे कोणा काकांची जुनी निकॉन लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर ती बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. सुरुवातीची खरेदी करणाऱ्याने हे विचारून घ्यावे. कॅननच्या ११००-डी सारख्या कॅमेऱ्यात ही अडचण येत नाही, तेथे मोटर मुळातच लेन्समध्ये असते.

आता मुक्तागिरी. पर्युषण आटोपल्यावर आम्ही मोठ्या दादांना घेऊन निघालो. दादा ७८ वर्षांचे. गुडघे कुरकुरत असले, तरी या वर्षी वर जायचेच असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढच्या वर्षाबद्दल कोणी काही बोलत नव्हते. नागपूरहून हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. परतवाड्यापासून गाडी सातपुड्याच्या पायथ्याशी जाते. क्षेत्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात असले, तरी यात्रेकरूंची भाषा निम्म्याहून अधिक मराठीच. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरे, मधोमध कोसळणारा धबधबा, आणि चढ-उतार मिळून सुमारे सहाशे पायऱ्या. पावसाळा नुकताच सरल्यामुळे पाण्याला जोर होता आणि वरच्या वळणावर तुषार अंगावर येत होते.

पाऊण किलोहून अधिक वजनाचा कॅमेरा गळ्यात घालून शंभर पायऱ्या चढल्यावर काय होते ते पुतण्याने पाहिले. एका हाताने दादांना धरायचे, दुसऱ्या हाताने झुलणारा कॅमेरा छातीशी धरायचा, आणि लेन्सवर तुषार आले की थांबून पुसायचे. निम्म्या वाटेवर त्याने तो पिशवीत घातला, तो खाली येईपर्यंत निघाला नाही. मुलीचा कॅमेरा दुपट्ट्याच्या गाठीत होता. दादा एका मंदिराच्या पायरीवर टेकले, टोपी काढून घाम पुसला, आणि १९५०च्या दशकात वडिलांबरोबर येथे बैलगाडीने कसे आलो होतो ते सांगू लागले. वडील पुढे, आई मागे, आईच्या पदराला बांधलेले फुटाणे. सांगता सांगता ते हसले. मुलीने शेजारी बसून, हात गुडघ्यावर ठेवूनच, सात-आठ चित्रे घेतली. दादांना पत्ताही लागला नाही.

मोठा कॅमेरा समोर आला की आमच्या पिढीचा माणूस काय करतो, हे वाचकांनी घरोघरी पाहिले असेल. टोपी सरळ, हात मांडीवर, चेहरा स्टुडिओतला. पुतण्याने सकाळी धर्मशाळेच्या दारात दादांचे घेतलेले चित्र अगदी तसेच आले. ते सुबक आहे. पाठीमागची भिंत धूसर, चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती स्पष्ट. पण त्यात दादा नाहीत. आमच्या आईचे घरात एकच छायाचित्र आहे. बँकेत खाते उघडताना काढलेल्या पासपोर्ट आकाराच्या चित्राची ती वाढवलेली प्रत. आई हसताना कशी दिसे ते आम्हा भावंडांखेरीज कोणाला ठाऊक नाही, आणि आम्ही आता तिघेच उरलो आहोत. त्यामुळे या विषयात माझा कल कोणीकडे झुकतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

तरीही पुतण्याने आपला कॅमेरा विकावा, असे मी त्याला म्हटले नाही. त्याचे गांधीबागेत साड्यांचे दुकान आहे. बाहेरगावच्या ग्राहकांना तो नव्या मालाची छायाचित्रे ई-मेलने पाठवतो. पूर्वी साध्या कॅमेऱ्याने ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रात मोरपंखी रंग निळा दिसे, आणि माल पोहोचल्यावर ‘शेड वेगळी आहे’ म्हणून गाठोडे परत येई. डीएसएलआरमध्ये ‘रॉ’ नावाची कच्ची फाइल मिळते. तिच्यात रंगाची छटा नंतर संगणकावर नेमकी जुळवता येते. साध्या कॉम्पॅक्टमध्ये ही सोय सहसा नसते. दोन-चार गाठोडी परत येण्याचा खर्च वाचला, की तेव्हा पंचवीस-तीस हजारांना मिळणारे यंत्र फिटते. तो कॅमेरा दुकानात रोज कामाला येतो, म्हणून त्याचे भांडवल अडकलेले नाही. केवळ वर्षातून दोन यात्रा आणि एक लग्न एवढ्यासाठी तोच कॅमेरा घेणाऱ्याला मी कर्ज मंजूर केले नसते. तीनशे दिवस कपाटात, आणि बाहेर काढला की बॅटरी उतरलेली.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग २०१२ मध्ये निघाला. सोनीचा आरएक्स-१०० हा खिशात मावतो, वजन २४० ग्रॅम, पण सेन्सर सुमारे १३ बाय ९ मिलिमीटरचा, म्हणजे साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट. लेन्सही अधिक उजेड घेणारी आणि ‘रॉ’ फाइलची सोय. किंमत मात्र तेव्हा डीएसएलआरपेक्षाही चढी होती, आणि डोळा लावायची खिडकी नाहीच. सीताबर्डीच्या दुकानात मी तो हाताळून पाहिला. खाली ठेवताना मन थोडे रेंगाळले, हे मान्य करतो.

जे काही घ्याल ते सांभाळण्याविषयी दोन गोष्टी. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. बॅटरी आणि आतले रबर दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते. औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कॅमेरा त्यात ठेवावा. मोठ्या कॅमेऱ्याला हे जास्त लागू, कारण लेन्स काढ-घाल करताना धूळ आणि ओल आत शिरते.

दिवाळीच्या सुमारास मुलीने मुक्तागिरीच्या त्या सात-आठ चित्रांतील एक इतवारीतील लॅबमध्ये छापून घेतले. लॅबवाल्याने १२ बाय १८ इंचांत काढून पाहिले, तेव्हा मंदिराच्या सावलीचा भाग रवाळ दिसला आणि दादांच्या बोटांची कड विरलेली. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, ‘याला एवढे मोठे करू नका, ५ बाय ७ मध्ये छान येईल.’ त्या मापाच्या सहा प्रती काढल्या. एक दादांच्या खोलीत आहे, एक पुण्याच्या बहिणीकडे गेली, आणि एक वहिनींनी आपल्या स्तोत्राच्या वहीत ठेवली आहे. मुलीच्या कॅमेऱ्याची बॅटरी आता लवकर उतरते. नवीन घ्यायची वेळ आली आहे, आणि ती पुन्हा खिशातलाच पाहते आहे, या खेपेस डोळा लावायची खिडकी असलेला.