मूला शेठाणीची भूमिका

बार्शीच्या भुसार बाजारातील एका आडत पेढीवर आषाढातल्या संध्याकाळी आठवीतली मुलगी दप्तरासह आली आणि गादीवर बसलेल्या आजोबांना म्हणाली, "दादाजी, शाळेच्या नाटकात मला भूमिका मिळाली. नाटक चंदनबालेचे आहे."

दादाजींनी तुरीच्या पट्ट्या बाजूला सारल्या. गावच्या साध्या मराठी शाळेत सती चंदनबाला! त्यांनी पोऱ्याला पेढे आणावयास पिटाळले आणि मग कौतुकाने विचारले, "चंदना तूच ना?"

"नाही, मी मूला."

पेढे आले, वाटलेही गेले. पण दादाजींनी आपल्या वाटणीचा पेढा कागदात तसाच ठेवला.

त्यांचे दुःख समाजातील कोणालाही समजण्याजोगे आहे. पाठशाळेच्या कार्यक्रमात दरवर्षी चंदनबाला होते. ती कोणी व्हायचे हे पुष्कळदा अभिनयावर ठरत नाही. ज्या घराचा आकडा मोठा, त्या घरची कन्या बेड्या घालून उंबऱ्यात बसते. बोलीचा पैसा धर्मकार्यास लागतो, म्हणून त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. पण तिसऱ्या रांगेत शेजारीण म्हणून उभी राहिलेली मूल घरी जाऊन काय समजते, हा प्रश्न उरतोच. या मुलीने अशी तीन वर्षे शेजारीण म्हणून काढली होती. मूलेचे काम तर पाठशाळेतील मोलकरणीच्या मुलीकडे जाई. मोठ्या घरची कोणती मुलगी चंदनेचे केस कापावयास तयार होणार?

शाळेतल्या बाईंची रीत निराळी होती. आठवड्यातून एक तास त्या नाट्याचा घेत. घरात ऐकलेली एक कथा प्रत्येकाने सांगावयाची, वर्गाने त्यातून एक निवडावयाची. आणि ज्याची कथा निवडली जाईल त्याला तिच्यातील नायक किंवा नायिका मिळणार नाही, असा त्यांचा नियम होता. आपल्या घरच्या कथेकडे एकदा समोरच्या दाराने आत येऊन पाहावे, एवढाच त्यामागे हेतू.

दादाजींचा दुसरा आक्षेप टक्क्यांचा होता. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. त्यात हे सोंग कशाला? हा आक्षेप बहुतेक व्यापारी घरांतून ऐकू येतो, आणि आश्चर्य असे की तो अशा घरांतून येतो जिथे दिवसभर गिऱ्हाइकाचा चेहरा वाचल्याविना पेढी चालत नाही. शासकीय कागदपत्रे मात्र केव्हाच नाट्याच्या बाजूची झाली आहेत. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य व चित्रकलेच्या बरोबरीने नाट्यालाही दहावीपर्यंत स्थान द्यावे असे सुचविले, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकविण्याचा आग्रह धरला. प्रत्यक्षात शाळेतील नाटक म्हणजे स्नेहसंमेलन; भाड्याचे पोशाख, ध्वनिमुद्रित संवाद आणि त्यावर ओठ हलविणारी मुले. त्यास नाट्यशिक्षण म्हणणे म्हणजे दुकानाच्या पाटीला व्यापार म्हणण्यासारखे आहे.

ज्या महाराष्ट्रात 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले, तिथे केवळ मुलांसाठी म्हणून रंगभूमी नेटाने उभी करावयास सुधा करमरकरांना 1959 साल उजाडावे लागले. त्यांनी रत्नाकर मतकरींचे मधुमंजिरी बसविले तो प्रसंग बालरंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्याच्या थोडेच आधी, 1954 साली, इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी एका ग्रंथातून असे मांडले की मुलांचे नाट्य ही मोठ्यांच्या नाटकाची लहान आवृत्ती नव्हे. ती मुलांची स्वतःची कला आहे आणि तिला प्रेक्षकांची गरज असतेच असे नाही. बाईंच्या तासालाही प्रेक्षक नव्हते.

धर्माकडून पाहिले तर नाटकाबद्दल आपली परंपरा सरळ होकार देत नाही, हे मान्य केले पाहिजे. साधुसाध्वींना नाटक पाहणे वर्ज्यच. राजप्रश्नीय सूत्रात आमलकप्पा नगरीत सूर्याभ देव प्रभू महावीरांपुढे बत्तीस प्रकारचे नाट्यविधी करून दाखविण्याची अनुज्ञा मागतो, तेव्हा प्रभू मौन धारण करतात. ना संमती, ना निषेध. आणि त्या बत्तिसांतील शेवटचा विधी स्वतः प्रभूंच्याच जीवनाचा असतो. दुसरीकडे आषाढभूतीची कथा घराघरांत सांगितली जाते: संयम सोडून नट झालेला हा मुनी भरत चक्रवर्तीची भूमिका करता करता आरसेमहालाच्या प्रसंगी खरोखरच वैराग्याच्या शिखरास पोहोचतो. सोंगातून सत्याकडे गेलेला माणूस आपल्या कथाभांडारात आहे, ही गोष्ट दादाजींच्या पिढीने व्याख्यानांतून कितीदा ऐकली असेल!

आचार्य हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्र यांनी गुणचंद्रांसह बाराव्या शतकात नाट्यदर्पण हा ग्रंथ रचला. रस हा नेहमी आनंददायकच असतो असे मानण्याची प्रथा असताना या दोघांनी तो सुखदुःखात्मक आहे असे स्पष्ट म्हटले. एका जैन मुनीने नाट्यशास्त्रात एवढे धाडसाने लिहावे, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

तर शाळेत मूलेला खुर्चीवर बसविण्यात आले. बाईंची ही आवडती पद्धत: पात्राने वर्गापुढे बसावयाचे, मुलांनी प्रश्न विचारावयाचे आणि पात्राने पात्र म्हणूनच उत्तरे द्यावयाची. कथा साऱ्यांना ठाऊक झाली होती. चंपानगरीची राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली जाते. धनावह शेठ तिला मुलीसारखी घरी आणतो. त्याचे पाय धुताना तिचे मोकळे केस चिखलात पडू नयेत म्हणून तो ते उचलून बांधतो, आणि नेमके तेवढेच मूला पाहते. शेठ बाहेरगावी जाताच चंदनेचे मुंडन, बेड्या आणि तळघर. पहिले प्रश्न अपेक्षित असेच आले. दया आली नाही का? मूलेने ठसक्यात उत्तरे दिली. मग मागच्या बाकावरील एका हमालाच्या मुलाने विचारले, "तुम्ही शेठजींनाच का नाही विचारले?"

मुलगी गप्प राहिली. उत्तर सुचेना. तास संपला तरी बाईंनी उत्तर सुचविले नाही. पुढच्या आठवड्यास सांग, म्हणाल्या.

रात्री सामायिक आटोपून उठलेल्या दादीजींना तिने तोच प्रश्न घातला. दादीजी या घरात आल्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. त्यांनी मुहपत्ती हळूहळू घडी केली आणि म्हणाल्या, "विचारायला भीती वाटते, बेटा. खरे निघाले तर मग जायचे कुठे? शिक्षा करायला मात्र काही लागत नाही."

पलीकडच्या खोलीत दादाजी जागेच होते.

त्याच वर्षी चैत्रात पेढीवरचे मुनीम कामावरून गेले होते. एकोणीस वर्षांची नोकरी. रोकडीत अठरा हजार कमी भरले, आणि त्याच आठवड्यात मुनीमांच्या घरी नवे कपाट आले होते. कोणी आरोप केला नाही, आवाज चढविला नाही. हिशेब करून पाकीट हाती दिले गेले. महिन्याभराने ती रक्कम सापडली. एका शेतकऱ्याची उचल दुसऱ्याच्या खात्यावर पडली होती, आणि ती नोंद मुनीमांच्या हातची नव्हती. घरात हे सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी बोलले मात्र जात नव्हते.

पुढच्या तासाला मूला पुन्हा खुर्चीवर बसली आणि दादीजींचे उत्तर तिने आपल्या शब्दांत दिले. वर्गात कोणी हसले नाही. नंतर बाईंनी भूमिका बदलल्या. ती चंदना झाली आणि प्रश्न विचारणारा मुलगा धनावह झाला. सुपात उडदाचे बाकुळे ठेवून लोहाराला बोलावण्यास जाताना तो दारात घुटमळला. कथेत नसलेले एक वाक्य त्याने स्वतःहून घातले: "चूक माझीही आहे. मी घरात काही सांगितलेच नव्हते." बाईंनी ते वाक्य ठेवले.

श्रावणअखेर शाळेच्या सभागृहात पालकांपुढे प्रयोग झाला, आणि त्यात ती पुन्हा मूलाच होती. दादाजी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासी प्रभूंच्या आगमनाला मुलांनी कोणालाही उभे केले नव्हते. फक्त एक प्रकाशझोत दारातून आला, थांबला आणि मागे वळला. चंदनेच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा तो परतला. मूला कोपऱ्यात पाठ करून उभी होती. प्रेक्षकांची नजर चंदनेवर खिळली असताना दादाजी मात्र त्या पाठीकडे पाहत राहिले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पेढी उघडण्याआधी क्षमापनेचे फोन करण्याचा त्यांचा नेम होता. यादी मोठी असे. नातलग, व्याही, अडते, बँकेचे साहेब. त्या सकाळी यादी टेबलावरच राहिली. त्यांनी नातीला स्कूटरवर मागे घेतले आणि मुनीमांच्या गल्लीत नेले.

मुनीम घरी नव्हते. लातूरला एका पेढीवर लागले आहेत, पंधरा दिवसांनी येतात, असे त्यांच्या पत्नीने दारातूनच सांगितले. मग क्षणभर थांबून त्या आत गेल्या आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. दादाजींनी पाणी घेतले, पेला खाली ठेवला आणि लातूरच्या पेढीचा पत्ता विचारला.