अडकलेली हवा

हवेशिवाय माणूस काही मिनिटांपेक्षा जास्त जगू शकत नाही. पण हीच हवा भलत्या ठिकाणी जाऊन बसली, की कामाचा खोळंबा होतो. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, तरी खालचा नळ नुसता गुरगुरतो. कारण नळीत हवा अडकलेली असते. ट्रॅक्टरमधले डिझेल एकदा पूर्ण संपले, की नवे डिझेल भरूनही तो लगेच सुरू होत नाही. आधी नळीतली हवा काढावी लागते. संगणकालाही असा त्रास होतो, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले.

माझा भाचा मालेगावला राहतो. लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करणे हा त्याचा व्यवसाय. त्यासाठी आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून त्याला मोठा संगणक घेऊन दिला होता. मे महिन्यात मालेगावचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हाळ्यात संगणक थंड राहावा, म्हणून त्यात पाणी फिरवण्याची सोय होती. नेमका लग्नसराईत तो तापून आपोआप बंद पडू लागला. आतून बुडबुड असा आवाज येई. "नवा पंप टाकावा लागेल," असे एका कारागिराने सांगितले. भाचा हवालदिल झाला. तीन दिवसांत एका घरी व्हिडिओ पोचवायचा होता आणि त्याचे पैसेही घेऊन झाले होते.

सुट्टीमुळे मी तेथेच होतो. मी म्हणालो, "आधी हे पाणी कसे फिरते, ते मला दाखव."

त्याने पेटी उघडली. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा होता. त्यातून वाहणारे पाणी प्रोसेसरची उष्णता घेते. मग ते रेडिएटरमध्ये जाते. तेथे पंख्यांच्या वाऱ्याने ते निवते. पुढे ते छोट्या टाकीत येते आणि पंप त्याला पुन्हा ठोकळ्याकडे ढकलतो. हवेपेक्षा पाणी कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते. म्हणून ठोकळ्यात हवा साचली, की प्रोसेसर तापतो. पंपात हवा शिरली, तर त्याची पाती नुसतीच फिरतात. पाणी पुढे सरकत नाही. शिवाय पाणी हेच पंपाचे वंगण असते. कोरडा चालवला, तर तो खराब होतो.

"पाणी कधी बदललेस?" मी विचारले.

"चार दिवस झाले, मामू. तेव्हापासूनच हा आवाज येतो."

रोग सापडला होता. हवा पाण्यापेक्षा हलकी. तिला वर जायला वाट मिळाली, की ती आपोआप निघून जाते.

इशाच्या नमाजानंतर आम्ही कामाला लागलो. संगणकाच्या इतर भागांची वीज तोडून फक्त पंपाला वीज दिली. पाणी गळले तर लगेच दिसावे, म्हणून सांध्यांखाली टिपकागद ठेवले. पंप काही क्षण चालवायचा, बंद करायचा, टाकीत कमी झालेले ऊर्ध्वपातित पाणी भरायचे, असे अनेकदा केले. मग पंप बंद करून टाकीचे झाकण घट्ट लावले आणि पेटी हळूहळू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कलती केली. रेडिएटरच्या कोपऱ्यात दडलेले मोठे बुडबुडे सुटले. झाकण उघडून पुन्हा पंप चालवला, तेव्हा ते टाकीत येऊन फुटले. बारीक बुडबुडे मात्र सहज निघेनात. त्यांच्यासाठी पंप रात्रभर चालू ठेवला. आम्ही आळीपाळीने जागलो.

फजरच्या वेळी आवाज थांबला होता. टिपकागद कोरडे होते. आम्ही संगणक सुरू केला. आधी ९५ अंशांवर जाणारा प्रोसेसर आता भरपूर काम करूनही ७० अंशांच्या आसपास राहिला. ठरल्या दिवशी व्हिडिओ त्या घरी पोचला. आपाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसले.

मुलांनो, एखादी वस्तू बिघडली, की ती बदलून टाकावी असे आपल्याला वाटते. येथे नवा पंप बसवला असता, तर त्यासाठी सगळे पाणी काढावे लागले असते आणि ते पुन्हा भरताना पुन्हा हवा शिरली असती. पैसे गेले असते, दुखणे मात्र तसेच राहिले असते. म्हणून आधी कारण शोधावे. ते सापडले, की उपाय बहुधा साधाच असतो. फक्त तो धीराने करावा लागतो.