नेवाकांठचा पहिला दिवस

आमच्या पुतण्याची कन्या पुण्यास राहून रशियन भाषा शिकत असे. एक महिना सेंट पीटर्सबर्ग येथें जाऊन अभ्यास करण्याची संधि तिला आली, तेव्हां २०१८ सालच्या उन्हाळ्यांत जाफराबादच्या आमच्या घरांत दोन तट पडले. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर जिचें बाळपण गेलें, तिनें नेवा नदी पाहिली नाहीं म्हणून कांहीं अडत नाहीं, असें आमच्या वहिनींचें, म्हणजे मुलीच्या आजीचें, म्हणणें. पुतण्यास खर्चाची धास्ती. आम्ही मुलीच्या पक्षाचे. कारण ज्यानें थोडेंबहुत संस्कृत केलें आहे त्यास तें नगर अगदींच परकें वाटत नाहीं. बोटलिंक व रोथ या पंडितद्वयाचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ पासून १८७५ पर्यंत तेथील विज्ञान अकादमीनें छापून काढला. वीस वर्षें एका कोशास! आणि गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी विद्येसाठीं १८९९ सालीं घर सोडून निघाले, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश हिंडले, व १९२९ सालीं याच नगरांत पालि शिकवावयास गेले. त्या वेळीं नगराचें नांव लेनिनग्राड होतें.

हें सर्व आम्हीं वहिनींस ऐकविलें. त्या म्हणाल्या, "ते पंडित होते, भाऊजी. ही एकोणीस वर्षांची पोर."

या युक्तिवादास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मात्र आठवड्याभरानें पैशांचा प्रश्न निकरावर आला तेव्हां आपल्या पाटल्या पुढें ठेवल्या त्या वहिनींनींच. "पैशापायीं पोर अडली असें कोणीं म्हणूं नये," एवढेंच बोलल्या.

मुलगी पोंचली तो दिवस १ सप्टेंबर, श्रावणांतला शनिवार. रात्रीं आठ वाजतां फोन आला. आमच्याकडे काळोख पडलेला. तिकडे साडेपांच वाजले होते व तिच्या खिडकींत चांगलें ऊन होतें. घरचीं सारीं माणसें फोनभोंवतीं जमलीं.

त्या दिवशीं रशियांत सर्वत्र शाळा सुरू होतात. लहान लहान मुलें हातांत फुलांचे गुच्छ घेऊन गुरुजनांस देण्यासाठीं चाललीं होतीं, मुलींच्या केसांना मोठालीं पांढरीं फुलपांखरी फितींचीं बांधलेलीं. (आम्हीं उभा जन्म शाळेंत काढला; पण फुलें मिळालीं तीं निरोपाच्या समारंभांत.) त्या मुलांबरोबर आपणही पहिल्या इयत्तेंत बसलों असें तिला वाटलें. दुकानदारणीनें एक साधा प्रश्न विचारला आणि दोन वर्षांचें व्याकरण कोठच्या कोठें पळालें! तेथें दुधास 'मोलोको' असें लिहितात व 'मलाको' असें म्हणतात. जसें लिहावें तसें वाचावें या आपल्या बाळबोध संवयीचा तेथें कांहीं उपयोग नाहीं. विभक्तींचें मात्र तिला भय वाटत नाहीं. रशियनच्या सहा, आम्हीं लहानपणीं तिच्याकडून आठ घोकवून घेतल्या आहेत. आणि 'द्वा', 'त्री', 'ब्रात' हे शब्द ऐकल्यावर द्वि, त्रि, भ्राता यांची ओळख कोणास पटवून द्यावी लागते?

वहिनींना यांत गोडी नव्हती. "जेवलीस का?" हा त्यांचा एकच प्रश्न.

जेवली होती. जिच्या घरीं उतरली ती बाई ऐशीच्या पुढची. तिनें बटाटे उकडले, कोबी शिजविली, काळ्या पावाचे पातळ काप वाढले. जेवण झाल्यावर टेबलावर सांडलेले पावाचे कण तिनें बोटानें एकेक टिपले व तोंडांत टाकले. मुलगी पाहत राहिली, तेव्हां म्हातारी सावकाश, शब्द तोडून बोलली: वेढ्याच्या वेळीं ती लहान होती, दिवसाचा पाव मिळे सव्वाशें ग्रॅम. मुलगी म्हणाली, दिवसभरांत पुरतें समजलेलें रशियन वाक्य तेवढेंच.

जर्मन सैन्यानें त्या नगरास सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत कोंडलें होतें, व पहिल्या हिंवाळ्यांत मुलांस व न कमावणाऱ्यांस खरोखरच तेवढाच पाव मिळे, हें आम्हीं वहिनींस समजावून दिलें. लाखों माणसें उपासानें मेलीं हेंही सांगितलें.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं फोन आपल्या हातांत घेतला. "तिला सांग," त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही पानांत टाकीत नाहींत. आणि उद्यां ती वाढील तें मागून घे."