मिरचीला पाठ असते!

ढोबळी मिरचीला पाठ असते! खरंच सांगते! खांदे असतात, कंबर असते, आणि एका बाजूनं उजेड आला की ती मान खाली घालून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखी दिसते. हसू नका! मला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही. कॅमेरा नाही, फोन आहे, आणि त्याचीही काच तडकलेली. पण एडवर्ड वेस्टन नावाच्या अमेरिकन माणसाचे फोटो पाहिले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये!

या वेस्टननं १९३० च्या ऑगस्टमध्ये मिरच्यांचे फोटो काढायचा सपाटाच लावला. मिरचीमागून मिरची! मनासारखं काही होईना, आणि मग त्यानं काय करावं? मिरची चक्क पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली! नरसाळं! रॉकेल ओतायचं ते! पत्र्याचा गोलावा मागून उजेड परतवतो, त्यामुळे मिरचीच्या कडा अंधारातही उजळतात, आणि मग भाजी बघतोय की उघडं अंग बघतोय हेच कळेनासं होतं. ‘पेपर नंबर ३०’ म्हणून (पेपर म्हणजे मिरचीच!) ती जगभर गाजली. आणि आपली मॉडेलं हा बाबा नंतर खाऊनही टाकायचा!

मग काय, इथं लोहाऱ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी नरसाळं आडवं ठेवलं, त्यात मिरची बसवली, आणि मी ओट्यावर कोपर टेकून तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतेय आणि मागून आजी, “काय करून राहिली वो तू त्या मिरचीसंग? भाजी करू का नको?”

थांब ना आजी! पोज चाललीय!

आता खरी गंमत ऐका. याच वेस्टननं १९३६ मध्ये कॅरिस विल्सन या त्याच्या मॉडेलचा एक फोटो काढला. ती पूर्ण विवस्त्र, दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसलेली, हातांनी गुडघे कवटाळलेले, डोकं खाली. चेहरा दिसतच नाही! सगळं उघडं आहे आणि तरी काही म्हणजे काही दिसत नाही! मला वाटलं, केवढा विचार करून बसवली असेल! तर छे! तिनं पुढे सांगितलंय की ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं मान खाली घातली, आणि तो म्हणाला, अशीच राहा. बस्स! ऊन! लोहाऱ्यात मे महिन्यात बाहेर बघा, सगळं गाव त्याच पोजमध्ये सापडेल!

आणि हा तर कळसच! त्या फोटोत तिचा भांग वाकडा आहे. केसांतल्या पिनाही दिसतात. कॅरिसला ते कायम खुपत राहिलं. आणि वेस्टनला काय खुपत होतं? उजव्या हातावरची सावली! एकच फोटो, तो सावली बघतोय, ती पिना बघतेय! मी त्या पिना पाहिल्या आणि अक्षरशः ओरडले. पण त्या राहणारच! वेस्टन ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढायचा. जे ठरवायचं ते कॅमेऱ्यामागेच!

आणि मग भेटला दुसरा फोटोग्राफर, बिल ब्रँट. याचं सगळं उलटं! लंडनमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं लाकडी कोडॅक कॅमेरा आणला, पोलिस गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढायला वापरायचे तसला. आतून दिसायचं जेमतेम. पण जवळचं अवाढव्य, लांबचं चिमुकलं! गुडघा डोंगराएवढा, कान गुहेएवढा! आणि मग काळं अगदी काळं, पांढरं अगदी पांढरं करून तो प्रिंट काढायचा, कडा छाटायचा, ब्रश चालवायचा, ब्लेडनं खरवडायचासुद्धा! १९६१ मध्ये त्याचं अशा फोटोंचं पुस्तक आलं. म्हणजे एक पिनेला हात लावत नाही आणि दुसरा ब्लेड घेऊन बसतो, आणि दोघंही मला पटतात! आता मी काय करू?

आणि आपल्याकडे? १९९५ ची ती बुटांची जाहिरात! मधु सप्रे आणि मिलिंद सोमण हे मॉडेल, अंगावर फक्त बूट आणि गळ्याभोवती अजगर! फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांचा. अश्लीलतेचा खटला झाला, तो निकाली निघायला २००९ उजाडलं. पण आता बघा तर खरं! दोघं असे बिलगून उभे आहेत की त्यानं तिला झाकलंय आणि तिनं त्याला. कपड्यांचं काम पोजनं केलंय! इतकी वर्षं सगळे अजगराबद्दलच बोलत बसले!

मग मी आजीलाच खिडकीशी बसवलं. (नऊवारीत! घाबरू नका!) खांदे थोडे तिरपे, तोंड उजेडाकडे, हनुवटी जराशी पुढं, कोपर अंगापासून बोटभर लांब. आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली, आणि अंधारातला तो गाल हळूच उजळला! गौतम राजाध्यक्षांच्या फोटोतला तो मऊ उजेड असतो ना, त्याच्या लांबच्या मावसबहिणीची नणंद म्हणा हवं तर, पण आला! आमच्या घरात आला!

फोन लगेच विचारतो, चेहरा गुळगुळीत करू? केला. आजी गायब! लग्नाच्या अल्बममधली कुणीतरी पिठूळ बाई! लगेच परत फिरवलं, आणि कपाळावरच्या तीन आठ्या, हनुवटीवरचं गोंदण, सगळं जागच्या जागी! मी फोन तिच्यापुढे नाचवला. आजी, उजेड बघ! सावली बघ!

आजीनं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

“भांग वाकडा आहे न वो. पुन्हा काढ.”

कॅरिस विल्सन! आमच्या स्वयंपाकघरात! आता ती कंगवा शोधतेय, ऊन खिडकीतून सरकत चाललंय, आणि खुर्ची बुटकी पडतेय म्हणून चादर धरायला माणूस हवाय. तुम्ही काय नुसते वाचत बसलात? या की! हं, जरा वर. अजून वर!