फिट्टंफाट अशी होत नसते

सातारा, शनिवार सकाळ

चि. चिमीस,

काल फोनवर "जाऊ दे ना मामा, फिट्टंफाट!" म्हणून तू हसलीस आणि फोन ठेवलास. तुझं झालं, माझी झोप गेली. मामीने दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का. पोटात नाही गं, डोक्यात. म्हणून चहाच्या आधी हे पत्र घेऊन बसलोय. मोबाइलवर लिहून पाठवलं असतं, पण तिथे तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. पाकीट निदान फोडावं तरी लागतं.

आधी मला नीट समजलंय का बघ. तुझ्या स्कूटरच्या नंबरावर हेल्मेट नसल्याबद्दल हजार रुपयांचं ई-चलान आलं. सोबतच्या फोटोत तुझी स्कूटर नाहीच. टीव्हीएसची मोपेड आहे, वर वेष्टी नेसलेले एक गृहस्थ, पायांपाशी आडवा ठेवलेला केळीचा घड, आणि पाटीवरच्या तीनवर चिखल बसून त्याचा आठ झालाय. वेळ सकाळी अकरा वीस. त्या वेळी तू तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीच्या दप्तरापुढे बसली होतीस, दाराशी वहीत सही करून आत गेली होतीस. इतकं सगळं लख्ख असताना तू म्हणतेस काय, तर मी हेल्मेट न घालता कितीदा तरी गेले तेव्हा कुणी धरलं नाही, आता न केलेल्याचे हजार गेले म्हणजे हिशेब बरोबर!

कुणाचा हिशेब, बाई? कायद्याच्या वहीत एका गुन्ह्याचा दंड दुसऱ्याच्या खात्यात वळता करत नाहीत. केलं असशील तर हो म्हण, पैसे भर, पावती जपून ठेव. केलं नसशील तर हो म्हणू नकोस. (केलेल्याबद्दल मी खाली बोलणारच आहे. सुटलीस असं समजू नकोस.)

तुला वाटतं हजार रुपये गेले की विषय संपला. बघ, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ड हे कलम आलं. त्यात हजार रुपये दंड आहे आणि शिवाय तीन महिने लायसन अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. तमिळनाडूने वाढीव दंड ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू केले. तडजोड रक्कम भरली की खटला मिटतो, पण लायसनचा प्रश्न तेवढ्याने मिटलाच असं नाही. या कलमाच्या गुन्ह्यात लायसन पुढच्या कारवाईला पाठवता येतं. म्हणजे केळीच्या घडाचं पाप तुझ्या लायसनवर. आणि पुढे केव्हातरी खरंच धरलं, तर दुसऱ्यांदा केलं असा कागद तूच स्वतःच्या हाताने तयार करून ठेवलेला असणार.

आता करायचं काय ते ऐक. कोर्ट शेवटची पायरी, पहिली नव्हे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची, फोटोवर जागा, तारीख, वेळ असायची आणि चलान निकाली निघेपर्यंत ते रेकॉर्ड सांभाळून ठेवायचं, असं त्यात आहे. तू पहिल्यांदा तो फोटो उतरवून घे, आजच. मग आरसीची प्रत, तुझ्या स्कूटरचा पुढून आणि मागून एकेक फोटो आणि ग्रंथालयाच्या वहीतल्या त्या पानाची प्रत जोडून ई-चलानच्या पोर्टलवर तक्रार टाक. तोच अर्ज कागदावर लिहून जिल्हा पोलिसांच्या वाहतूक शाखेत नेऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. शंभरातली बहुतेक प्रकरणं इथेच मिटावीत, कारण मोपेडला स्कूटर म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नाही.

नाहीच मिटलं, तर प्रकरण कोर्टाकडे जातं. आता व्हर्च्युअल कोर्ट निघालंय. पडद्यावर दोन वाटा असतात, दंड भरतो किंवा लढवतो. लढवतो म्हटलं की केस त्या भागातल्या मॅजिस्ट्रेटकडे येते. समरी पद्धतीचं काम, साक्षीपुरावा थोडक्यात. आमच्या वेळी समन्सवरच लिहिलेलं असे, गुन्हा कबूल असेल तर रजिस्टर पत्राने कळवा आणि दंड पाठवा. २०८ कलमात ती सोय अजून आहे. टपालाने कबुली! तेव्हाही मला ते खुपायचं, पण निदान माणूस पत्र लिहायचा, पोस्टात जायचा, रांगेत उभं राहून दोनदा विचार करायचा. आता तुम्ही भाजी चिरता चिरता एका बोटाने आरोपी होता.

आणि हे तुमच्यापुरतंच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तेलंगणाने थकलेल्या चलानांवर सूट जाहीर केली, दुचाकीला पंचाहत्तर टक्के. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने निम्मे माफ केले. लोक रांगा लावून भरून आले. आपल्याकडे लोकअदालतीची नोटीस आली की शेजारचे देशपांडे विचारतात, "नाना, यंदा किती टक्के?" दिवाळीचा सेल असल्यासारखं! ज्याने वेळेवर पूर्ण भरले तो मूर्ख, ज्याने थकवले तो शहाणा, आणि ज्याने काही केलंच नव्हतं त्याने पाव किमतीत कबुली विकत घेतली. खरं काय घडलं हे विचारायला मध्ये कुणी उरलंच नाही. सरकारला वसुली हवी, तुम्हाला कटकट नको, दोघंही खूश. मी उभा जन्म बेंच क्लार्कच्या खुर्चीत काढला. तिथे दुसरं काही शिकलो नसेन, पण रोजनाम्यात एकदा लिहिलेलं पुसत नाही एवढं शिकलो.

आमच्या कोर्टात एक दूधवाला आला होता. ट्रिपल सीटची केस. असल्या किरकोळ केसेसचा गठ्ठा साहेब जेवणाआधी उरकायचे. पट्टेवाल्याने पुकारा करायचा, आरोपीने पिंजऱ्याशी यायचं, "कबूल?" "कबूल", दंड, पुढचा. हा म्हणाला, "नाही साहेब. आम्ही दोघंच होतो, मधे कॅन होता." सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी पेन थांबवलं आणि तारीख दिली. मग हवालदार गैरहजर म्हणून पुन्हा तारीख, पुन्हा तारीख. अखेर हवालदार आला आणि शपथेवर म्हणाला की आता आठवत नाही. सुटला. पण त्या प्रत्येक तारखेला सकाळचा रतीब बुडाला होता, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. दंडापेक्षा जास्त गेले त्याचे. मी त्याला म्हटलं, "काय मिळवलंत?" तर म्हणाला, "तिसरा माणूस नव्हता ना पण." तुझ्या आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, हट्टी लोकांचं कोर्टातच भागतं. तिचा रोख कुणावर होता ते तुला माहीत आहे.

आणि तू तंजावरात बसून हे बोलतेस याचं मला जास्त लागलं. १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे गेले, पुत्र नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं, आणि राज्याबरोबर राजवाडा, जडजवाहीर, खासगी शेतवाडी, सगळ्याला कुलपं ठोकली. कामाक्षीबाईसाहेब थोरल्या राणी. पडदानशीन बाई, नवरा गेलेला, समोर कंपनी सरकार. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला की राज्याचं काय करायचं ते करा, खासगी मालमत्तेला हात लावायचा तुम्हाला अधिकार काय? आणि मद्रासला त्या जिंकल्या! कंपनी अपिलात विलायतेला गेली. मधेच सत्तावन झालं, कंपनीच बुडाली, तिच्या जागी भारतमंत्री उभा राहिला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. का, तर कंपनीने जे केलं ते राज्यसत्ता म्हणून केलं. ते न्याय्य की अन्याय्य यात कुठल्याही कोर्टाला शिरता येत नाही. अजूनही कायद्याच्या पुस्तकांत ही केस शिकवतात, आणि मुलं ती पाठ करतात, पण बाई कोण, कुठली, हे कुणी विचारत नाही.

मग १८६२ मध्ये सरकारनेच ती मालमत्ता राण्यांना परत दिली. मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे. तरी दावाच लावला नसता तर परत द्यावंसं तरी वाटलं असतं का? तू ज्या ग्रंथालयात बसतेस तेही त्या राजवाड्यातलंच. सार्वजनिक झालं ते पुढे १९१८ साली.

आम्हा सातारकरांना हे जरा जास्त कळतं. आमचं राज्य तुमच्याआधी सात वर्षं, १८४८ ला गेलं. रंगो बापूजी प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि कंपनीच्या डायरेक्टरांच्या दारात वर्षानुवर्षं खेटे घालून १८५३ ला रिकाम्या हाताने परतले. त्यांना कोर्टाची वाटच मिळाली नाही. कामाक्षीबाईंना वाट मिळाली, पण कोर्टाने हात वर केले. आणि तुला मॅजिस्ट्रेट समोर बसवून विचारणार आहे, बाई, तुमचं म्हणणं काय? तर तू म्हणणार, फिट्टंफाट!

मामी मागून वाचतेय. तिचं म्हणणं, हजार रुपयांत कामाक्षीबाई कुठून आल्या? आणि पोरीला परक्या गावी कोर्टात एकटी पाठवणार का? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं मलाही वाटतंय, खरं सांगतो. तिथल्या खालच्या कोर्टांचं काम तमिळमध्ये चालतं. तू दोनशे वर्षांपूर्वीची मोडी घडाघड वाचतेस, पण पुकाऱ्यात तुझं नाव कसं उच्चारतील ते तुला कळेल का? साक्ष तुला न समजणाऱ्या भाषेत झाली तर समजावून देण्याची मागणी करता येते, तो तुझा हक्क आहे, लाजू नकोस. तुझे ते राव सर येतील का सोबत? तंजावरी मराठी आणि तमिळ दोन्ही बोलणारा माणूस याहून चांगला कुठे मिळणार! बाटलीत पाणी ने. बाकावर बसायला जागा नसते. ऊन फार आहे म्हणालीस, छत्री ने. मोबाइल आवाज बंद करून ठेव, आमच्या साहेबांनी एकाचा जप्त केला होता. आणि तारखेमागून तारीख पडायला लागली तर मला फोन कर, मग ठरवू. दूधवाला मी तुला गिरवायला सांगितलेला नाही.

आता मघाचं राहिलेलं. हेल्मेट न घालता कितीदा तरी गेलीस, हे तू हसत सांगितलंस. अप्पांच्या अपघाताच्या वेळी आपण सगळे सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कसे बसलो होतो ते विसरलीस? तू लहान होतीस, पण इतकी नव्हतीस. तुझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, पण एका अटीवर. आयएसआय मार्कचं घे, रस्त्याकडेचं ते प्लास्टिकचं टोपलं नको. पट्टा हनुवटीखाली आवळायचा. पैसे मी पाठवतोय, ते चलानात घालायचे नाहीत.

आणखी एक, हे रात्री दोन वाजता आठवलं. ती स्कूटर तू त्या सहकाऱ्याकडून जुनी घेतलीस. तुझ्या नावावर झाली ना? फॉर्म २९ आणि ३० भरले का? आरसी अजून त्याच्या नावावर असेल तर चलान तुला कसं आलं? की ते त्यालाच आलं आणि त्याने तुला पाठवलं? असं असेल तर माझं वरचं अर्धं पत्र त्याने लढवायचं आहे आणि तू फक्त साक्षीदार आहेस. विम्यावर कुणाचं नाव आहे? आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठव. अंगठा नको.

तुझा,
नानामामा