मास्तरांची वही

मास्तर सुके बोंबील घ्यायला आमच्या दारी यायचे. आये वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकायची, ते काढून परत ठेवायचे. माझ्या हातातलं भूगोलाचं पुस्तक पाहून एकदा म्हणाले, "पोरी, तुझ्या टेकडीचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. तुला आहे का?"

कोळीवाड्यात आम्ही समुद्राकडे तोंड करून वाढलो. वरळीच्या टेकडीकडे कोण बघणार! मास्तरांनी ती दाखवली. दख्खनचा लाव्हा थांबत थांबत वाहिला. मधल्या उसंतीत इथे गोड्या पाण्याचं तळं साचलं. गाळात बेडूक, कासवं, झाडंझुडपं गाडली गेली आणि वर पुन्हा लाव्हा आला. या गोष्टीला सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या माझ्या गावाखाली गोड्या पाण्याचे जीव आहेत, हे ऐकून त्या रात्री मला झोप आली नव्हती.

या इवल्या बेडकांचं पहिलं शास्त्रीय वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली लंडनमध्ये केलं. १९३० मध्ये नोबल यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी 'इंडोबॅट्रॅकस' ही वेगळी प्रजाती मानली. पण मास्तरांचा जीव हेन्री कार्टर यांच्यावर. हे कंपनी सरकारचे डॉक्टर. मुंबई बेटाच्या भूरचनेवरचा त्यांचा लेख १८५२ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. त्यात इथल्या कासवाला त्यांनी लीथ यांचं नाव दिलं, लीथही डॉक्टरच. रोगी तपासून उरलेल्या वेळात ही माणसं दगड वाचत होती.

मास्तर स्वतः बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. १८८३ मध्ये ती स्थापणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, हे ते अभिमानाने सांगत. हौशी माणसांनी अभ्यासकांच्या मांडीला मांडी लावून बसावं, यावर त्यांची श्रद्धा होती. मलाही तसंच वाटतं. पदवी नसलेल्या डोळ्यांनाही दगडातला सांगाडा दिसतो. तो जपून जाणत्यापर्यंत पोहोचवायला मात्र असं एखादं मंडळ लागतं.

माझं इंग्रजी कच्चं. म्हणून टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून मास्तरांनी कार्टरच्या लेखातला वरळीचा भाग माझ्यासाठी मराठीत उतरवून काढला. शाईचं पेन, दुरेघी वही, समासात खडकांच्या थरांची चित्रं. त्या वहीच्या बळावर मी भूशास्त्राला गेले. आयेने त्यांना पापलेटांची जोडी पाठवली, त्यांनी पैसे चुकते केले आणि निरोप धाडला, "वही वाड्यातल्या पोरांना वाचून दाखव."

आता टेकडी इमारतींनी झाकली आहे. खडक दाखवायचा म्हटलं तर जागा शोधावी लागते. मास्तरही नाहीत. शाळेच्या सुट्टीत वाड्यातली पोरं अंगणात जमतात. परवा एकीने विचारलं, "ताई, त्या बेडकाला शेपूट होती?" वहीत उत्तर नव्हतं. नोबल यांचा लेख काढून आम्ही दोघी त्यातली चित्रं बघत बसलो.